बायकोच्या डोळ्याचं कॉर्निया ग्राफ्ट ठरलंय, घरी मी नक्की काय काय सांभाळायचं?

डोंगरउतार

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या बायकोला केरॅटोकोनस आहे, वय ३८. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डोळ्याच्या पुढचा काचेसारखा पडदा असतो ना, कॉर्निया, तो पातळ होत होत पुढे टोकदार होत जातो आणि सगळं वेडंवाकडं, सावल्या पडल्यासारखं दिसायला लागतं. तिला कॉलेजपासून ॲलर्जी, सतत डोळे चोळायची सवय, दर वर्षी सिलिंडरचा नंबर वाढायचा आणि आम्ही आपले चष्म्याचं दुकान बदलत राहिलो. डाव्या डोळ्याचं २०१६ ला सीथ्रीआर झालं, म्हणजे कॉर्निया कडक करून आजार थांबवायचा उपचार, तो डोळा तिथेच थांबलाय, कडक लेन्स लावून त्यावर तिचं काम चालतं. उजव्यात मात्र दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठल्या उठल्या पाणी भरलं, हायड्रॉप्स म्हणाले, अख्खं बुबुळ दुधासारखं झालं होतं. सूज काही महिन्यांनी उतरली पण बरोबर मध्यावर पांढरा डाग राहिला. आता त्या डोळ्यासमोर हात हलवला तर कळतो, बोटं किती ते सांगता येत नाही. आतला थर फाटून गेलाय त्यामुळे नुसते वरचे थर बदलायचं ऑपरेशन हिला चालणार नाही, पूर्ण जाडीचं ग्राफ्ट म्हणजे पीके करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. नाव यादीत घातलंय. डोळा मिळाला की फोन येईल, त्याच नाही तर दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी यायचं.

तर त्या फोनची वाट बघत तीन आठवडे झाले. कुठलाही अनोळखी नंबर आला की हातातलं टाकून उचलायचा आणि समोरून कर्जवाले बोलतात.

आम्ही भांडुपला राहतो, वन रूम किचन, आई, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा. ही लोअर परळला अकाउंट्सला आहे, दिवसभर कॉम्प्युटर. ऑपरेशनचं डॉक्टर बघतील, त्याची मला फारशी भीती नाही. पण नंतरचं एक दीड वर्ष सांभाळावं लागतं म्हणतात त्याबद्दल कोणी नीट बसून सांगतच नाही, ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि बाहेर आल्यावर आठवतं की अर्धं विचारायचं राहिलं.

आणि दुसरं म्हणजे ही गप्प झालीये. परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर ही अंधारात ओट्याशी उभी, चांगला डोळा तळहाताने झाकलेला आणि दुसऱ्या हाताने डबे चाचपत होती. काय करतेस विचारलं तर म्हणाली, हाही गेला तर कसं असेल ते बघते. मला काय बोलावं सुचलंच नाही. काही होत नाही गं म्हणालो आणि तिने फक्त लाइट लावला.

आईचं वेगळंच. मेलेल्या माणसाचा डोळा हिला बसवणार, त्याने बघितलेलं हिला दिसेल का, घरात काही होणार नाही ना. वाईट हेतूने नाही बोलत, खरंच घाबरलीये ती. पण हिच्यासमोर बोलते.

ज्यांनी नवऱ्याचं किंवा बायकोचं हे सगळं केलंय त्यांनी कृपया सांगा, अगदी बारीकसारीक सुद्धा चालेल.

मुलुंडकर_ताई

दादा, आमच्याकडे उलट आहे, नवऱ्याचं झालं, मे २०२२ मध्ये, तुमच्यासारखंच केरॅटोकोनस आणि पीके. त्यामुळे तुमचं वाचताना सगळं डोळ्यासमोर आलं.

आधी थेंबांचं सांगते कारण घरच्या माणसाचं खरं काम तेच आहे. ऑपरेशननंतर स्टेरॉइडचे थेंब, अँटिबायोटिकचे वेगळे, डोळा ओला ठेवायचे वेगळे, प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि दर तपासणीला डॉक्टर वेळापत्रक बदलतात. दोन औषधांमध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची नाहीतर दुसऱ्याने पहिलं वाहून जातं. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तक्ता आखून फ्रिजला लावला होता आणि थेंब टाकला की लगेच टिक. लगेच म्हणजे लगेच, नंतर करू म्हटलं की टाकला की नाही टाकला यावरून भांडण होतं, आमची झाली आहेत. स्टेरॉइडची बाटली बहुतेक पांढऱ्या दुधाळ औषधाची असते, ते खाली बसतं, म्हणून दर वेळी नीट हलवायची. मी त्या बाटलीला रबरबँड गुंडाळून ठेवला होता म्हणजे रात्री लाइट न लावताही हाताला कळायचं की हीच ती. टाकायच्या आधी साबणाने हात धुवायचे, बाटलीचं टोक पापणीला टेकू द्यायचं नाही, थेंब पडला की डोळा हलकेच मिटून नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट ठेवायचं म्हणजे औषध घशात उतरत नाही. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्या, थोडं उरलंय म्हणून ठेवू नका. आणि मेडिकलवाला तेच आहे फक्त कंपनी वेगळी असं म्हणून काहीतरी हातात ठेवतो तेव्हा तिथूनच डॉक्टरांना फोन लावा. आम्हाला एकाने स्टेरॉइडच्या जागी भलतंच हलकं औषध दिलं होतं, चार दिवस तेच चाललं होतं, तपासणीला बाटल्या सोबत नेल्या होत्या म्हणून डॉक्टरांच्या लक्षात आलं. तेव्हापासून दर वेळी सगळ्या बाटल्या पिशवीत घालून नेते.

आता जे लिहायला मला अजूनही जड जातं ते लिहिते. जुलै २०२३, आठवत असेल तुम्हाला, डोळ्यांची साथ केवढी होती, शाळा, ऑफिस, बिल्डिंग, सगळ्यांचे डोळे आलेले. ग्राफ्टला चौदा महिने झाले होते, सगळं छान चाललेलं, हे परत गाडीने ऑफिसला जायला लागले होते. शुक्रवारी संध्याकाळी डोळा थोडा लाल दिसला. मी म्हटलं साथ आहे, तुम्हालाही आले, टॉवेल वेगळा ठेवा. शनिवारी म्हणाले उजेड सहन होत नाहीये. रविवारी टीव्हीवरची पट्टी धूसर दिसते म्हणाले. सोमवारी गेलो. रिजेक्शन होतं, म्हणजे शरीर तो दुसऱ्याचा कॉर्निया नाकारायला लागलं होतं. डॉक्टर ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की शुक्रवारी आला असता तर बरं झालं असतं. मग दर तासाला स्टेरॉइड, रात्रीसुद्धा उठून, शिवाय इंजेक्शन, तीन आठवडे. ग्राफ्ट वाचलं पण पूर्वीइतकं स्वच्छ नाही राहिलं, दोन ओळी कमीच वाचता येतात. ते कधी मला बोलून दाखवत नाहीत. मीच विसरत नाही.

म्हणून पाया पडून सांगते, लाली, उजेडाचा त्रास, धूसर दिसणं, दुखणं, यातलं एक जरी दिसलं तरी ते रिजेक्शनच समजून त्याच दिवशी पळायचं. साधं निघालं तर परत यायचं, रिक्षाचे पैसे गेले तर गेले. हे पहिल्या वर्षापुरतं नाही, पाच वर्षांनी, दहा वर्षांनीसुद्धा होऊ शकतं. वेळेत पकडलं तर बरेचदा औषधाने आवरतं, रिजेक्शन म्हणजे डोळा गेलाच असं नाही. आणि दुकानातून आपल्या मनाने लाल डोळ्याचे थेंब आणून घालू नका.

रोज सकाळी एकच गोष्ट बघून सांगायची सवय लावून घ्या, चांगला डोळा झाकून. हे आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवरचा नंबर बघतात, अजूनही. काल दिसत होता आणि आज दिसत नाही असं झालं की घरात आम्हाला कोणालाच काही समजावून सांगावं लागत नाही, चपला घालायच्या आणि निघायचं.

नाईटकॉल

मी आय बँकेत टेक्निशियन आहे, नाव गाव सांगत नाही. तुमच्या आईंसाठी आणि त्या फोनसाठी लिहितोय.

पहिलं म्हणजे अख्खा डोळा बसवत नाहीत हो. बुबुळाच्या पुढची पारदर्शक चकती फक्त, अर्धा मिलिमीटर जाड आणि साधारण आठ मिलिमीटर रुंद, शर्टच्या कॉलरला लहान बटण असतं साधारण तेवढी. तिला रंग नाही त्यामुळे डोळ्याचा रंगही बदलत नाही. बघणारा भाग मागे असतो, डोळ्याच्या आतला मागचा पडदा म्हणजे रेटिना आणि मेंदू, ते दोन्ही तुमच्या मिसेसचेच राहणार. ही नुसती काच आहे, खिडकीची काच बदलली म्हणून आधीच्या घरातलं काही दिसत नाही, असं आईंना सांगून बघा.

फोन कधी येणार हे आम्हालाही माहीत नसतं. कुणाचं तरी निधन होतं, त्या घरातलं कुणीतरी त्या अवस्थेतही फोन करतं, सहा तासांच्या आत आम्हाला पोचायला लागतं. मुंबईत रात्री दोनला सुद्धा अंधेरीहून चेंबूरला जायचं म्हणजे किती वेळ लागेल ते पावसावर. काम पंधरा वीस मिनिटांचं असतं, चेहरा होता तसाच दिसतो. सोबत रक्त घेतो, एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, सिफिलिस तपासतो. मग चकतीच्या आतल्या थरातल्या पेशी मोजतो, तुमच्यासारख्या ऑपरेशनला चौरस मिलिमीटरला दोन हजारांच्या वर पाहिजेत असं साधारण धरतात, कारण त्या पेशी नंतर नव्या तयार होत नाहीत, आहेत तेवढ्यावरच त्या ग्राफ्टचं आयुष्य. सगळे जमा केलेले कॉर्निया या परीक्षेत पास होत नाहीत. त्यामुळे फोन येऊनही ऐन वेळी रद्द होऊ शकतं, तेव्हा आमच्यावर रागावू नका, तो कॉर्निया तुमच्या मिसेसना लायक नव्हता म्हणून थांबवलेलं असतं. पास झालेला कॉर्निया औषधी द्रावणात फ्रिजमध्ये राहतो, साध्या द्रावणात चार दिवस, भारीतल्यात चौदा दिवसांपर्यंत. म्हणून मग लगेच या असा फोन येतो.

रक्तगट जुळवायची गरज नसते. कॉर्नियात रक्तवाहिन्याच नाहीत, तो मुख्यतः अश्रूंतून, बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणूनच किडनीपेक्षा हे सोपं जातं. जगात पहिलं यशस्वी ग्राफ्ट ७ डिसेंबर १९०५ ला झालं, एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरने आत्ताच्या चेक देशातल्या ओलोमोउत्स गावात केलं, पेशंटचे दोन्ही डोळे चुन्याने भाजलेले. तेव्हा ना आजच्यासारखे स्टेरॉइडचे थेंब होते ना आजच्या सूक्ष्मदर्शकासारखं यंत्र, तरी एक डोळा स्वच्छ राहिला. जाता जाता एक, आजही आमच्याकडे लहान मुलं चुन्याने डोळे जाऊन येतात, तंबाखूच्या चुन्याची पुडी नाहीतर ट्यूब दाबता दाबता फुटते. मुलाच्या हाताशी ती ठेवू नका कुणीच.

तयारीचं म्हणाल तर एक पिशवी भरून ठेवा, सगळे जुने रिपोर्ट, आधार, विम्याचे कागद, चालू गोळ्यांची यादी, पुढून बटणाचा शर्ट किंवा गाऊन म्हणजे डोक्यावरून काढायला नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगून ठेवा. सरकारी योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो त्याला आत्ताच विचारा, फोन आल्यावर धावपळीत नको. कॉर्निया विकत घेता येत नाही, १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, खर्च असतो तो तपासणीचा, साठवणीचा आणि ऑपरेशनचा. मी लवकर मिळवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर सरळ डॉक्टरांना सांगा.

कैरीची_डाळ

मी स्वतः पेशंट. २०१७ ला उजव्या डोळ्याचं पीके झालं, कॉन्टॅक्ट लेन्समुळे इन्फेक्शन होऊन फूल पडलं होतं. वरती सगळ्यांनी औषधपाण्याचं लिहिलंय म्हणून मी पेशंटच्या बाजूने लिहिते, थोडं परखड वाटलं तर माफ करा.

तुमची बायको अंधारात डबे चाचपत होती ते वाचून मी फोन खाली ठेवून बसले जरा वेळ. मी पण केलंय ते. मी तर जिन्याच्या पायऱ्या मोजून ठेवल्या होत्या. तेव्हा ह्यांनी मला वेडी आहेस का म्हटलं होतं आणि त्यानंतर मी त्यांना काही सांगायचंच बंद केलं. काही होत नाही गं हे बोलू नका दादा. तिला माहितीये की होऊ शकतं, तिचं एकदा झालंय. तुम्ही नुसतं तिच्या बाजूला उभं राहून स्वतःचे डोळे मिटून तेच डबे शोधून बघा. मला तेव्हा कुणीतरी असं केलेलं हवं होतं.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर "दिसतंय का?" या प्रश्नाचा. पट्टी काढली की सिनेमात दिसतं तसं काही होत नाही हो. पहिल्या दिवशी मला वाफ धरलेल्या काचेतून बघितल्यासारखं दिसत होतं आणि दारात सासूबाई, जाऊबाई, शेजारच्या काकू, सगळ्यांचा एकच प्रश्न. नाही म्हटलं की त्यांचे चेहरे पडायचे, मग मी हो म्हणायला लागले, खोटं. पीकेला टाके असतात, माझे सोळा होते, केसाहून बारीक, मशीनवर डॉक्टरांनी ह्यांना फोटो दाखवला तर सूर्याची किरणं काढतात ना लहान मुलं तसे गोल दिसत होते. ते टाके जागोजागी ताण देतात म्हणून नंबर सारखा बदलतो, काही टाके काही महिन्यांनी काढतात, काही वर्षाने, आणि नीट नंबर ठरायला वर्ष दीड वर्ष सहज जातं. मला शेवटी परत कडक लेन्सच लावावी लागली तेव्हा सहावी ओळ आली. तोपर्यंत महागाचा चष्मा करू नका. आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवा की दिसतंय का असं कुणी विचारायचं नाही, तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल. रोज खिडकीतून बघायचं ते ताईंनी सांगितलंय ते मात्र करा, ते वेगळं, ते तिचं तिच्यासाठी आहे.

एक डोळा झाकला की अंदाज जातो, कुठली वस्तू जवळ आणि कुठली लांब ते कळत नाही. मी कपात ओतलेला चहा कपाच्या बाहेर जायचा. मग मी बोट कपाच्या काठाला लावून ओतायला शिकले. जिना उतरताना शेवटची पायरी, आणि प्लॅटफॉर्म आणि गाडी यांच्यामधली फट, इथे हात धरा, पण तिने मागितला तर. खांदा पुढे करा, तिला धरू द्या, दंडाला पकडून ओढत नेऊ नका. लोकलने जायचं झालं तर अकरा नंतर, पीक अवरला अजिबात नाही. दादरला चढताना कुणाचा कोपर लागला तर? पीकेची जखम मूळ डोळ्याइतकी भक्कम कधीच होत नाही, जोरात मार लागला तर वर्षांनंतरही उसवू शकते. मी आजही गर्दीत जाड प्लास्टिकचा गॉगल घालते. मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणता, त्याला आत्ताच समजावा की आईच्या अंगावर उडी नाही, घरात बॉल नाही, उशांची मारामारी नाही. त्याला काहीतरी काम द्या, माझी मुलगी अलार्म वाजला की बाटली आणून द्यायची आणि फार अभिमानाने द्यायची.

रात्री डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटपट्टीने लावायची, निदान पहिले काही आठवडे, तुमच्या बायकोला तर डोळे चोळायची सवय आहे म्हणता त्यामुळे डॉक्टर सांगतील तोपर्यंत अजिबात सोडू नका, झोपेत हात जातोच. खाज येत असेल तर डॉक्टरांना सांगा, ॲलर्जीचे थेंब देतात. डोक्यावरून पाणी नाही, केस धुवायचे तर पार्लरसारखं मागे मान टाकून दुसऱ्याने धुवायचे. हे माझे केस धुवायचे, बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून, मागे बादली. शाम्पू कपाळावर ओघळू नये म्हणून कपाळावर नॅपकिन बांधायचे आणि एका हाताने धरून ठेवायचे. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तेव्हा पहिल्यांदा केस विंचरून दिले त्यांनी माझे.

फोडणीच्या समोर उभं राहणं बंद, वजन उचलणं बंद, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर लावणं वाईट. खोकला झाला तर लगेच औषध. अचानक काहीतरी खुपायला लागलं, वाळूचा कण गेल्यासारखं, तर टाका सैल झालेला किंवा तुटलेला असू शकतो, तेही त्याच दिवशी दाखवायचं, तिथून इन्फेक्शन शिरतं. आणि दर वेळी डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या, स्टेरॉइडने वाढतं आणि ते वाढलेलं पेशंटला कळत नाही.

तुमच्या आईंबद्दल. आम्हाला डोळा कुणाचा मिळाला ते सांगत नाहीत, नियमच आहे. मला पण सुरुवातीला रात्री विचार यायचे, त्या घरी आज काय चाललं असेल, मी इथे पट्टी बांधून झोपलेय आणि तिकडे दहावा असेल. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग त्या वर्षी सर्वपित्रीला त्यांनी एक पान जास्तीचं वाढलं, कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या डोळ्याचं. तेव्हापासून दर वर्षी वाढतो.

डोंगरउतार

सगळ्यांना किती आणि काय म्हणू. ताई, तुम्ही ते शुक्रवारचं लिहिलंत त्याबद्दल विशेष, ते लिहिणं सोपं नसणार. नाईटकॉल, तुमचं खिडकीच्या काचेचं आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

डबे शोधायचं केलं काल. मला हळद सापडली नाही. ती हसली थोडी. मग बराच वेळ बोललो आम्ही, ऑपरेशनबद्दल नाही, असंच.

दादरचे_काका

उशिरा वाचलं. माझ्या पत्नीचं २०२१ ला डीसेक झालं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कॉर्नियाला सूज राहिली होती म्हणून. त्यात फक्त आतला पातळ थर बदलतात, टाके एखाद दुसरा, आणि थर चिकटून राहावा म्हणून आत हवेचा बुडबुडा सोडतात. पेशंटने पाठीवर सरळ पडून छताकडे बघत राहायचं, पहिला दिवस तर जवळजवळ पूर्ण. तुमच्या पीकेला बहुधा ही सक्ती नसते, पण इतर कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहितो. स्ट्रॉने पाणी, मऊ भात चमच्याने, मानेखाली उशी नाही. मी शेजारी स्टूल टाकून पेपर वाचून दाखवत होतो, अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळं, ऐकता ऐकता ती झोपायची. नजर पीकेपेक्षा बरीच लवकर येते, आमच्याकडे दोनेक महिन्यांत ती परत वाचायला लागली.

तुम्ही तुमची झोप आणि जेवण सांभाळा. मी पंधरा दिवस स्वतःची बीपीची गोळी विसरलो होतो आणि मलाच चक्कर आली, मग मुलीला पुण्याहून यावं लागलं. तुमच्या आईंनाही थेंब घालायला शिकवून ठेवा, घरात दोन माणसांना यायला हवं.

डोंगरउतार

अपडेट देतो, सात आठवडे झाले ऑपरेशनला.

पहिला फोन आला आणि आम्ही टॅक्सीत बसल्यावर रद्द झाला, पेशी कमी भरल्या म्हणून. नाईटकॉल यांनी आधीच लिहिलं होतं त्यामुळे ही शांत होती, मीच जास्त खचलो. दुसरा नऊ दिवसांनी, रात्री साडेदहाला, बाहेर धो धो पाऊस, पिशवी दाराशी तयारच होती. सकाळी लवकर गाठलं हॉस्पिटल. इंजेक्शन देऊन डोळा बधिर करून केलं, सव्वा तास. बाहेर आली तेव्हा पहिलं विचारलं तिने की त्यांच्या घरच्यांना कोणी थँक्यू म्हणतं का. सिस्टर म्हणाल्या आय बँकेतर्फे पत्र जातं.

घरात कोणीही दिसतंय का विचारत नाही. पोराने दारावर कागद चिकटवलाय, त्याच्या अक्षरात, आईला डोळ्याचं विचारू नये, दुसरं काहीही विचारावं. थेंबांच्या बाटलीला रबरबँड आहे. आई दुपारचे घालते, मी ऑफिसात असताना, आणि घातल्यावर मला फोन करून घातले एवढंच बोलून ठेवते. मागच्या आठवड्यात खुपतंय म्हणाली तर मी हाफ डे टाकून घेऊन गेलो, पापणीचा केस होता, टाके ठीक होते. डॉक्टर म्हणाले आलात ते बरं केलंत.

ही सकाळी खिडकीतून डोंगरावरच्या टॉवरचा लाल दिवा बघते. परवा म्हणाली आज त्याला कडा आहे.

केस मी धुतो.

काल रात्री जेवताना आईने विचारलं, आपल्याला नाव माहीत नाही, बाई की पुरुष ते माहीत नाही, मग पानावर त्यांच्या आवडीचं काय वाढायचं. हिने सांगितलं खीर आणि वडे तर असतातच, शिवाय अळूवडी करू, अळूवडी नको म्हणणारं कोण असतं. सर्वपित्रीला अजून वेळ आहे पण अळू कुठून आणायचं ते आईने आजच ठरवून टाकलंय.

बाकी एक विचारायचं होतं. ऑफिसला परत जायचं म्हणतेय, डॉक्टरांनी दिवसाला तीन चार तास स्क्रीन चालेल म्हटलंय, तर ज्यांनी ग्राफ्टनंतर कॉम्प्युटरचं काम केलंय त्यांनी दुपारचे थेंब ऑफिसात कसे सांभाळले, स्वतःच घालायचे की कोणाकडून, आणि एसी थेट डोळ्यावर येत असेल तर काय केलंत ते लिहा. सोमवारी तपासणी आहे, त्याआधी कळलं तर बरं.